आमचे सैनिक आजोबा

अंतरवाली सराटी हे आमचे गाव आज जालना जिल्ह्यात मोडते. परंतु आमच्या आजोबांच्या तारुण्यात ते निजामाच्या मुलखात होते. दुसऱ्या महायुद्धात गोदावरी ओलांडून आजोबा मराठा पलटणीत भरती झाले व थेट इटलीच्या रणभूमीवर गेले.

स्वतःविषयी ते अवाक्षर काढीत नसत. सांगत ती शिपाई नामदेव जाधवांची कथा. जाधव नगर जिल्ह्यातील निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर, शत्रूच्या भडिमारात, त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक नदीपार सुखरूप आणले. मगच परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी निकामी केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. “आधी माणसे आणली, मग लढला,” असे म्हणताना आजोबांचा कंठ दाटून येई.

१९४६ साली आजोबा परतले ते पुन्हा निजामी अमलातच! १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला. ती वार्ता ऐकून त्यांनी पेटीतील खाकी कोट अंगात घातला व दिवसभर काढला नाही, असे आजी सांगे.

आम्ही आयुष्यभर मुलांना इटलीचा नकाशा दाखविला. पण तेथे आजोबांनी स्वतः काय केले, हे त्यांना कधी विचारले नाही. हा दोष सर्वस्वी आमचा. ज्ञातिबांधवांनी तरी आपल्या घरचे वृद्ध सैनिक हयात आहेत तोवर त्यांचे शब्द टिपून ठेवावेत, एवढीच नम्र विनंती.