विलासराव साळुंखे आणि माणशी अर्धा एकर

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय दर उन्हाळ्यातलाच, टँकर. खर्च वाटायचा कसा? एक गट म्हणे फ्लॅटमागे सारखा, दुसरा म्हणे चौरस फुटांवर. तिसऱ्या मजल्यावरचे काका, जे फारसं बोलत नाहीत, ते म्हणाले, "पाणी माणसं वापरतात हो, चौरस फूट नाही." क्षणभर सगळे गप्प. मग भांडण पुन्हा जोरात सुरू!

मला तिथे बसल्या बसल्या विलासराव साळुंखे आठवले. काकांचं हे वाक्य घेऊन त्या माणसाने अख्खं आयुष्य काढलं. आज त्यांच्याविषयी लिहायचं म्हणतोय.

साळुंखे (१९३७-२००२) मूळचे इंजिनिअर. पुण्यात त्यांचा कारखाना होता, 'अ‍ॅक्युरेट' नावाचा. अचूक मोजमापाची उपकरणं बनवायचा. म्हणजे मायक्रॉनमध्ये विचार करणारा माणूस. १९७२ च्या दुष्काळात हे गृहस्थ पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात फिरले. पुरंदर म्हटलं की आपल्याला किल्ला आणि जेजुरी आठवते, पण तालुक्याचा पूर्व भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. एरवीही तिथे पाऊस जेमतेम, त्यात ७२ साल. आमच्या आजीच्या पिढीला विचारा, मिलो आणि सुकडी म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. साळुंख्यांना प्रश्न पडला तो इंजिनिअरचा. एवढी माणसं, एवढे हात, आणि त्यातून निघतंय काय? तर खडी! याच हातांनी त्यांच्याच रानात पाणी का अडवू नये?

१९७४ मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान काढलं आणि नायगावला देवस्थानची ४० एकर जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली. (सावित्रीबाईंचं नायगाव वेगळं, ते साताऱ्यातलं. हे पुरंदरचं.) जमीन म्हणजे नुसता उघडा माळ. तिथे उतारावर बांध घातले, झाडं लावली, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, त्याखाली विहीर पाडली आणि तिचं पाणी पंपाने वर आणलं. आज याला आपण 'पाणलोट विकास' म्हणतो आणि त्यावर चकचकीत प्रेझेंटेशनं करतो. तेव्हा हा शब्दही फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. माळावर धान्य पिकायला लागलं, तशी आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला आली आणि म्हणाली, आमच्याकडेही करा.

खरी गोष्ट इथून सुरू होते. पाणी अडवणं हा तंत्राचा प्रश्न आहे, तो सुटतो. पण अडवलेलं पाणी कुणाचं? आपल्याकडची सरळ रीत अशी, की ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, आणि ज्याची विहीर मोठी तो ऊस लावणार. साळुंख्यांनी १९७९ च्या सुमारास 'पाणी पंचायत' सुरू केली, तिचे नियम बघा:

पाणी माणसाला मिळेल, जमिनीला नाही. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. पाच जणांचं कुटुंब असेल तर अडीच एकर. तुमची वीस एकर असली तरी अडीचच.

पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही.

ऊस लावायचा नाही.

भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

योजना एकट्याला नाही, गटाला. खर्चाचे २० टक्के शेतकऱ्यांनी आधी भरायचे, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज. पाळीने पाणी सोडायला गटाचाच पाटकरी.

आमच्या भाषेत सांगायचं तर साळुंख्यांनी टेबलाची 'प्रायमरी की' बदलली. सातबाऱ्याच्या जागी माणूस ठेवला. बाकी सगळं, पंप, पाइप, पाट, तेच. पण एवढ्या एका बदलाने भूमिहीन माणूस पहिल्यांदा त्या यादीत आला, कारण आधीच्या यादीत त्याची नोंदच होऊ शकत नव्हती. मोजमाप हाच ज्याचा धंदा, त्याला हे सुचावं यात मला नवल वाटत नाही. काय मोजायचं हे आधी ठरवावं लागतं, अचूकता त्याच्या नंतरची.

आता दुसरी बाजू. पाणी पंचायतीच्या बऱ्याच उपसा योजना पुढे बंद पडल्या. विजेची बिलं थकली, झरे आटले, प्रत्येकाने आपापलं बोअर मारलं. पोरं पुण्याला नोकरीला गेली. भूमिहीनाचा हक्कही कागदावर सोपा, पण ते पाणी वापरायचं तर कुणाची तरी जमीन वाट्याने करावी लागणार, आणि ती देणारा पाहिजे ना! म्हणजे ही काही यशोगाथा वगैरे नाही.

पण कल्पना मेली नाही. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर भारत पाटणकर आणि मुक्ती संघर्ष चळवळीने बळीराजा धरणाच्या वेळी हाच समान वाटपाचा प्रश्न लावून धरला, तर आटपाडीकडे नागनाथअण्णा नायकवडींनी. साळुंखे २००२ मध्ये गेले. २००५ मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात पाण्याचा कोटा आला, 'समन्यायी' हा शब्दही आला. पण कोटा कुणाला? तर लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला. जमीनधारकाला! शब्द साळुंख्यांच्या ओळखीचा, 'की' मात्र जुनीच राहिली. आणि ऊस? लागवडीखालच्या जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास जागेवर तो सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी पितो. साळुंख्यांच्या नियमांत ऊस का नव्हता, ते यावरून कळावं.

योजना बंद पडल्या म्हणून माणूस चुकला असं मला म्हणवत नाही. पंप बिघडला तर दुरुस्त करता येतो. पण वाटपाच्या यादीत ज्याचं नावच नाही, त्याच्यापर्यंत पाणी कुठलाच पंप पोचवत नाही.

असो. सोसायटीत शेवटी काय ठरलं? चौरस फुटांवर! मतदान झालं, मोठ्या फ्लॅटवालेही गप्प बसले कारण कंटाळा आला होता. काकांनी हात वर केला नाही. जिना उतरताना मी त्यांना साळुंख्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मग पुढच्या मीटिंगला तू बोल की."

बघू. पुढची मीटिंग मे महिन्यात आहे.