दहा केबीचा मुंबईकर

आजचा एपिसोड ऐकताय त्या फोनमधला एखादा फोटो उघडा. साधारण दोन एमबीचा असेल ना? आज ज्या कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहे, तसे दोनशे कॉम्प्युटर एकत्र केले तेव्हा कुठे तो एक फोटो त्यात मावेल.

त्याचं नाव टिफ्रॅक. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये बनलेला. 'बनलेला' हा शब्द महत्त्वाचा. कारण भारतात कॉम्प्युटर त्याआधीच आला होता. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने १९५५ मध्ये ब्रिटनहून मागवलेला. पण तो विकतचा. इकडे रंगास्वामी नरसिंहन यांच्याबरोबर जी पोरं कामाला लागली, त्यातल्या बहुतेकांनी डिजिटल कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलासुद्धा नव्हता. १९५६ मध्ये त्यांनी एक छोटं नमुना मशीन चालू केलं, मग मोठं बांधायला घेतलं. १९६० मध्ये ते कामाला लागलं. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब! १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं बारसं झालं.

मला सगळ्यात आवडते ती त्याची मेमरी. फेराइटच्या इवल्याशा कड्या, मण्यांसारख्या, आणि त्यांतून आडव्या-उभ्या ओवलेल्या तारा. एक कडी म्हणजे एक बिट. कडीचं चुंबकत्व एका दिशेला असलं तर शून्य, उलट दिशेला असलं तर एक. आता हजारो कड्यांतली नेमकी एकच कशी पलटायची? तर एका आडव्या तारेतून अर्धा करंट सोडायचा, एका उभ्या तारेतून अर्धा. दोन्ही जिथे भेटतात तिथेच पूर्ण जोर लागतो आणि तेवढीच कडी पलटते. बाकीच्या जागच्या जागी. आणि गंमत म्हणजे कडी वाचली की तिच्यातलं पुसलं जायचं! म्हणून मशीन वाचल्यावर लगेच तेच परत लिहून ठेवायचं.

अशा २,०४८ जागा, प्रत्येकीत ४० बिट. हिशोब करा, दहा केबी. गणितातले आकडेही त्यातच बसवायचे आणि प्रोग्रॅमही त्यातच. कॉपी-पेस्ट विसरा. कुठला आकडा कुठल्या नंबरच्या जागेवर ठेवलाय हे प्रोग्रॅमरने ध्यानात ठेवायचं, आणि सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून मशीनला भरवायच्या. एक भोक चुकलं की उत्तर गेलं.

आता कडू भाग. टिफ्रॅक चालू झाला तोवर अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारे कॉम्प्युटर विकायला आले होते. म्हणजे आपलं मशीन जन्मतःच म्हातारं! मग एवढी वर्षं घालवायची कशाला, सरळ विकतच घ्यायचा की, असं आजही कुणी म्हणतं. मला हे अर्धंच पटतं. मशीन म्हणून टिफ्रॅक मागे पडला, मान्य. पण १९६४ मध्ये टीआयएफआरने अमेरिकेतून सीडीसी ३६०० आणला, तेव्हा कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे माहीत असलेली माणसं तिथे आधीच हजर होती. ती काही त्या खोक्यांबरोबर पॅक होऊन आली नव्हती. पुढच्याच वर्षी कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली, तिचे पहिले अध्यक्ष नरसिंहनच.

नव्या मशीनवर फोरट्रान चालायचं. कार्डांचे गठ्ठे घेऊन लोक कुलाब्याला येऊ लागले. त्या गर्दीची गोष्ट पुढच्या एपिसोडमध्ये.