बेलापूरच्या बाजारातले छत्रपती

बेलापूरचा किल्ला आज नवी मुंबईच्या सरकारी इमारतींशेजारी पडझड सोसत उभा आहे. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, साऱ्यांनी तो राखला. खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांना धनी नवे नव्हते. पण ‘छत्रपती’ हे बिरुद मात्र निराळे होते. ‘राजा’ हा शब्द तोवर वरून मिळणारा होता. मिर्झाराजा जयसिंग मोगलांचे राजेच, आणि १६६८ मध्ये औरंगजेबाने शिवाजी महाराजांनाही ‘राजा’ हा किताब दिला होता. दिलेला किताब काढूनही घेता येतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर धारण केलेले ‘छत्रपती’ हे पद कोणत्याही बादशहाच्या फर्मानाचे देणे नव्हते, हेच त्याचे खरे बळ.

कोणी म्हणेल, हा पंडितांचा खटाटोप होता. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द घडवले गेले, तरी लोक ‘पेशवा’च म्हणत राहिले. आक्षेप खरा आहे. पण बाजीरावांच्या मुद्रेवर ‘मुख्य प्रधान’ अशीच अक्षरे होती. शिवाय ‘छत्रपती’ कोशापुरते उरले नाही. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ कोरलेले असे. अक्षरओळख नसलेल्यांच्याही हातांतून ते नाणे बाजारात फिरले आणि मराठी राज्य बुडाल्यानंतरही दीर्घकाळ चलनात राहिले.