खुलताबादच्या कबरी आणि आपली इम्युनिटी

वेरूळला जाताना बहुतेक जण खुलताबाद गाडीच्या काचेतूनच बघतात. पण मंडळी, तिथे कोण कोण पुरलंय त्यांची वयं बघा. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, तेव्हा ७८ च्या आसपास. औरंगजेब १७०७ मध्ये, ८८ वर्षांचा. पहिला निजाम १७४८ मध्ये, ७६ वर्षांचा. लस नाही, अँटिबायोटिक नाही! लगेच वाटतं, घोड्यावरची रपेट आणि साधं जेवण हीच खरी इम्युनिटी.

थांबा, इतकं सोपं नाही. जे लवकर गेले, त्यांची वयं कोण मोजतंय?

१६८८ मध्ये बादशहाची छावणी विजापूरला असताना प्लेग आला. औरंगाबादी महल ही बेगम गेली. सरदार फिरोजजंग जगला, पण दृष्टी गेली (पहिल्या निजामाचे हे वडील). या दोघांना खायला काय कमी होतं? प्लेगचा जंतू पिसूच्या चाव्यातून शिरतो, त्याला तुमचं ताट दिसत नाही.

मग खाण्याचा उपयोग काय? उपयोग आहेच, पण तो उलट बाजूने कळतो. ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो, की धूमकेतू दिसत होता तेवढे दिवस औरंगजेब थोडं पाणी आणि भरड धान्याची भाकरी यावर राहिला, जमिनीवर झोपला, आणि मरता मरता वाचला. शरीराला प्रथिनं कमी पडली की थायमस ही ग्रंथी आकसते, टी-पेशी घटतात. त्यात आजार आला की भूकच मरते, म्हणजे कुपोषण आणखी वाढतं. हे दुष्टचक्र स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात मांडलं. दख्खनने ते आधीच भोगलं होतं: १७०२ ते १७०४ या काळात दुष्काळ आणि साथ एकदमच आले. मनुचीच्या अंदाजाने वीस लाखांवर माणसं मेली.

व्यायामाचंही तसंच. भरभर चाललं की नॅचरल किलर पेशी काही काळ रक्तात जास्त फिरतात, आणि नियमित चालणाऱ्यांना सर्दी-खोकल्याचे आजार कमी होतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण उपाशीपोटी दोन तास जिममध्ये घाम गाळणं म्हणजे इम्युनिटी नव्हे.

थोडक्यात काय, तर चांगलं जेवण आणि चालणं म्हणजे अभेद्य तट नाही, तटाच्या खालचा पाया आहे. तो खचला की साधा तापही आत शिरतो. आणि प्लेगसारखं काही आलंच तर औषध, लस आणि स्वच्छता लागतेच. तेव्हा बूस्टरच्या बाटलीआधी डब्यातलं वरण संपवा!