बीड जिल्हा : ऐतिहासिक नगरे व निसर्गस्थळे

महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील जिल्हा. क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी.; लोकसंख्या २५,८५,०४९ (२०११). उत्तरेस छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व जालना, पूर्वेस परभणी, आग्नेयीस लातूर, दक्षिणेस धाराशिव (उस्मानाबाद) आणि पश्चिमेस अहिल्यानगर (अहमदनगर) हे जिल्हे. बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, शिरूर (कासार) व आष्टी हे अकरा तालुके. निजामी अमलात हा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत असे व सरकारी दप्तरात त्याचे नाव ‘भीर’ असे लिहिले जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानातील निजामी सत्ता संपुष्टात आली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जिल्हा मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे.

भूमीचे दोन भाग सहज वेगळे पडतात. उत्तरेकडील गोदावरीकाठची काळी, सखल गंगथडी हा एक. आणि पश्चिमेकडून आग्नेयीकडे जिल्हाभर पसरलेला बालाघाटाचा उंच, खडकाळ माथा हा दुसरा. या माथ्यावर पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा दक्षिणेच्या अंगाने पूर्वेकडे वळते, तर त्याच तालुक्यातून निघणारी सिंदफणा बीडच्या बिंदुसरेला व पुढे कुंडलिकेला पोटात घेऊन गोदावरीस मिळते. पाऊस सरासरीने ६७ सेंमी.च्या आसपास व तोही बेभरवशाचा असल्यामुळे येथील जुन्या वस्त्यांचा इतिहास हा पुष्कळसा पाणी अडविण्याचा, साठविण्याचा व उताराच्या वाटा राखण्याचा इतिहास आहे. प्रवाशाने मुक्काम आखताना हेच सूत्र धरावे. परळीच्या वैजनाथाचे दर्शन घेऊन त्याच गाडीने परत फिरणारे यात्रेकरू प्रतिवर्षी लाखांनी येतात. परंतु ज्यास हा प्रदेश पाहावयाचा आहे त्याने बीडपासून आरंभ करून घाटमाथ्याने अंबाजोगाईस जावे, तेथे सर्वांत अधिक काळ काढावा, मग परळी करून गंगथडीने परतावे.

बीड : जिल्ह्याचे ठाणे. लोकसंख्या १,४६,७०९ (२०११). बिंदुसरेच्या काठी वसलेल्या या नगराचे प्राचीन नाव चंपावतीनगर असल्याची परंपरा आहे. चालुक्य व यादव यांच्यानंतर येथे क्रमाने दिल्लीचे सुलतान, बहमनी, अहमदनगरचे निजामशहा, मोगल व आसफजाही यांचा अंमल झाला. फिरिश्त्याच्या तवारिखेत अशी हकीकत आहे की, तेलंगणाच्या स्वारीवरून दौलताबादेकडे परतत असता महंमद तुघलक याचा बीडच्या मुक्कामी एक दात पडला आणि सुलतानाने तो मोठ्या इतमामाने दफन करवून त्यावर कबर उभारली. शहराच्या दक्षिणेस करजणीजवळच्या टेकडीवरील घुमटाची जी पडकी इमारत लोक दाखवितात, ती हीच होय. कलेच्या दृष्टीने तीत पाहण्याजोगे फारसे नाही. तथापि राजधान्या हलविणाऱ्या या बादशहाच्या स्वभावाचे इतके बोलके स्मारक अन्यत्र सापडणे कठीण.

शहरातील कंकाळेश्वराचे मंदिर हे जिल्ह्यातील शिल्पावशेषांत अग्रगण्य मानावे लागते. चौरस कुंडाच्या मध्यभागी, चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या पीठावर ते उभे असून त्यास तीन गर्भगृहे आहेत. तारकाकृती विधानाच्या बाह्य भिंतींवर देवता व सुरसुंदरी यांच्या मूर्तींच्या ओळी असून शस्त्रधारी स्त्रियांच्या प्रतिमाही त्यांत आढळतात. बांधणी अकराव्या-बाराव्या शतकांतील दिसते. खंडोबाच्या टेकडीवरील देवालय पुष्कळ अर्वाचीन आहे. त्याच्या पुढील दोन उंच दीपमाळा दुरूनच दृष्टीस पडतात. त्याच्या बांधणीचे श्रेय कोणी बीडचे जहागीरदार सुलतानजी निंबाळकर यांस, तर कोणी महादजी शिंदे यांस देतात. महादजींचे नाव येथे निराळ्या कारणानेही घेतले जाते: त्यांचे गुरू सूफी साधू मन्सूरशहा हे बीडचे, आणि त्यांच्या दर्ग्याविषयी ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात पुढेही पिढ्यान्‌पिढ्या भक्ती राहिली. शहेनशहावली यांचा टेकडीवरील दर्गा, जामा मशीद आणि जुन्या तटाच्या कोतवाली व राजुरी या वेशी ही बीडमधील अन्य स्थळे. निजामी राजवटीत येथील चामड्याच्या छागली व गुप्त्या प्रसिद्ध असत. १८१८ मध्ये धर्माजी प्रतापराव याने निजामाविरुद्ध या भागात बंड उभारले होते.

खजाना विहीर : बीडच्या दक्षिणेस सोलापूरच्या मार्गावर, शहरापासून सुमारे ६ किमी. मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दीत, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ही विहीर बांधविली. योजना राजा भास्कर या स्थापत्यकाराची. अहमदनगरजवळ ‘चांदबिबीचा महाल’ या नावाने जी इमारत दाखविली जाते ती वस्तुतः याच सलाबतखानाची कबर होय. विहीर विस्ताराने मोठी पण खोलीने बेताची आहे. भूमिगत बोगद्यांनी दोन बाजूंनी पाणी तीत येते आणि तिसऱ्या बोगद्याने ते केवळ उताराच्या बळावर, मोटेवाचून, बलगुजार नावाच्या शिवारास मिळते. कितीही अवर्षण पडले तरी हिचे पाणी आटत नाही अशी ख्याती आहे. आत उतरून बोगद्यांची तोंडे पाहिल्यावाचून तिची करामत ध्यानात येत नाही. वरून पाहणारा प्रवासी बहुधा निराश होऊन परततो.

अंबाजोगाई : बालाघाटावरील प्राचीन नगर व जिल्ह्यातील वाङ्‌मयीन परंपरेचे मुख्य पीठ. आम्रपूर, जयंतीपूर अशी याची जुनी नावे सांगतात. निजामी अमलात त्यास मोमिनाबाद म्हणत व तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असे. ग्रामदेवता योगेश्वरी ही कोकणातील अनेक चित्पावन घराण्यांची कुलदेवता असल्यामुळे सह्याद्री ओलांडून शेकडो मैलांवरून येणाऱ्या कुटुंबांचे कुलाचार येथे होत असतात. देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला असता मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी शिळारूप झाले, अशी आख्यायिका असून गावाबाहेरील हत्तीखाना (शिवलेणी) या लेण्याशी ती जोडली जाते. डोंगरात खोदलेला प्रशस्त मंडप आणि पुढील पाषाणाचे हत्ती पाहिले म्हणजे ही कथा कशी सुचली असेल याचा उलगडा होतो.

यादवकाळात या नगराचे महत्त्व विशेष वाढले. सिंघणदेव यादवाचा (कारकीर्द सुमारे १२१० ते १२४६) सेनापती खोलेश्वर याने येथे देवालये बांधली व अग्रहार दिले. सकळेश्वराचे देवालय, जे त्याच्या खांबांवरून बाराखांबी म्हणून ओळखले जाते, आणि खोलेश्वराचे देवालय यांच्याशी संबद्ध शिलालेखांतून त्याच्या पराक्रमांची माहिती मिळते. त्याचा पुत्र राम गुजरातेच्या मोहिमेत कामास आला. त्याची भगिनी लक्ष्मी हिने बंधूच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देवालय उभविल्याचे १२४० च्या लेखात नमूद आहे. राजे व सरदार यांच्या प्रशस्तींनी भरलेल्या त्या काळच्या लेखांत भावाच्या मृत्यूचे दुःख वाहणाऱ्या या स्त्रीचे नाव आढळावे, हे अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखे आहे.

मराठी ग्रंथरचनेच्या आरंभकाळाशी अंबाजोगाईचे नाते मुकुंदराजामुळे जडले. शके १११० (इ. स. ११८८) मध्ये रचिल्याचे मानलेल्या विवेकसिंधु या ग्रंथाच्या कर्त्याची समाधी गावाबाहेर बालाघाटाच्या दरीत, झाडीने वेढलेल्या एकांत स्थळी आहे. ग्रंथाचा काळ व कर्त्याचे स्थळ या दोन्हींविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. वैनगंगेच्या काठचे आंभोरे हेही मुकुंदराजाचे स्थान असल्याचा पक्ष आहे. वाद काहीही असो, पावसाळ्याच्या अखेरीस या दरीत उतरून जाणे हे जिल्ह्यातील सर्वांत सुखद पदभ्रमण होय. दुसरे मोठे नाव दासोपंतांचे (१५५१–१६१५). सव्वा लक्ष ओव्यांचा गीतार्णव हा त्यांचा ग्रंथविस्तार छाती दडपून टाकणारा असला, तरी लोकांच्या स्मरणात राहिली ती त्यांची पासोडी. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा खादीच्या वस्त्रावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तविषय ओव्या व आकृत्या यांच्या साह्याने मांडला. कागदाऐवजी पांघरावयाच्या वस्त्रावर तत्त्वज्ञान लिहिण्याची ही कल्पना मराठी वाङ्‌मयात एकमेव आहे. पासोडी अंबाजोगाईतच दासोपंतांच्या परंपरेत जतन झालेली आहे.

विसाव्या शतकात योगेश्वरी विद्यालयाने या नगरास पुन्हा नाव मिळवून दिले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथे अध्यापन केले व त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांतून संस्थानी काँग्रेसचे अनेक कार्यकर्ते निर्माण झाले. त्यांच्याच नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे १९७४ पासून आहे.

परळी वैजनाथ : लोकसंख्या ९०,९७५ (२०११). बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून महाराष्ट्रात मान्यता. झारखंडातील देवघर व हिमाचलातील बैजनाथ यांचेही तसेच प्रतिपादन आहे. विद्यमान मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी केला. लांबरुंद पायऱ्यांचा घाट, दगडी तट व प्रशस्त सभामंडप ही त्याची वैशिष्ट्ये. येथे भाविकांस लिंगाचे स्पर्शदर्शन घेता येते. महाशिवरात्र व श्रावणी सोमवार या दिवशी निवांत दर्शनाची अपेक्षा प्रवाशाने करू नये. येथील औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. जुने संच पुढे बंद करण्यात आले. तालुक्यातील नाथ्रा हे गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) यांचे गाव. धर्मापुरी येथे चालुक्यकालीन केदारेश्वराचे मंदिर व किल्ला असून मंदिराच्या बाह्यांगावरील सुरसुंदरी पाहण्यासारख्या आहेत.

धारूर : बालाघाटाच्या कडेवरील किल्ला व जुनी बाजारपेठ. आदिलशाही सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास सध्याचा किल्ला बांधला. दोनच वर्षांनी मुर्तझा निजामशहाने त्यास वेढा दिला, तेव्हा किश्वरखान बाण लागून ठार झाला व किल्ला निजामशाहीत गेला. १६३१ मध्ये शहाजहानच्या फौजेने तो घेतला आणि त्याचे नाव फतेहाबाद ठेविले. तीन अंगांस दरी असल्यामुळे सर्व बंदोबस्त एका बाजूस एकवटलेला आहे. दुहेरी तट, खंदक व आतील पाण्याचे हौद अद्याप ओळखू येतात.

गंगथडीतील स्थळे : गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे गोदावरीच्या दक्षिण काठावरील क्षेत्र शनीच्या देवस्थानासाठी प्रख्यात असले, तरी मराठ्यांच्या इतिहासात ते १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईने अमर झाले आहे. निजामअली फौजेच्या एका भागासह नदी उतरून पलीकडे गेला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडे राहिला. श्रावणातील पुरामुळे दोहोंचा संबंध तुटला असता मराठ्यांनी त्यास गाठले. आरंभी राघोबादादा वेढ्यात सापडले होते, परंतु अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याने वेळीच धाव घेऊन प्रसंग निभावला. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामअली पैलतीरावरून पाहत राहिला. रणक्षेत्रावर पाहण्यासारखी इमारत नाही. त्या दिवसाचा निकाल ज्या नदीने लावला तिचे पात्र तेवढे पाहावे, व तेही पावसाळ्यात. जवळचे पांचाळेश्वर (आत्मतीर्थ) महानुभाव पंथीयांस अत्यंत पूज्य आहे. माजलगाव तालुक्यातील मंजरथ येथे सिंदफणा-गोदावरीचा संगम, तर पुरुषोत्तमपुरीस पुरुषोत्तमाचे देवालय असून तेथे अधिक मासात मोठी यात्रा भरते. याच गावी रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२ (इ. स. १३१०) चा ताम्रपट मिळाला. देवगिरीवर खलजीची सत्ता प्रस्थापित होण्याच्या उंबरठ्यावरील हा दस्तऐवज यादवांच्या अखेरच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन होय.

निसर्गस्थळे : पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते व दरीच्या तळाशी रामेश्वराचे देवालय आहे. बीडच्या दक्षिणेस मांजरसुंब्याजवळ कपिलधार हा धबधबा. तेथेच परमरहस्य ग्रंथाचे कर्ते वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधी असून कार्तिक पौर्णिमेस महाराष्ट्र-कर्नाटकांतून लिंगायत समाज लोटतो. दोन्ही धबधबे पावसाळ्याच्या उत्तरार्धातच खरे. फाल्गुनात जाणाऱ्यास कोरडा कडा पाहावा लागेल. नायगाव येथील मयूर अभयारण्य (सुमारे ३० चौ. किमी.) १९९४ मध्ये घोषित झाले. माजलगावचे सिंदफणेवरील व धनेगावचे मांजरेवरील धरण ही दोन मोठी जलाशयस्थळे. दुसऱ्याच्या पाण्यावर लातूर शहर अवलंबून असून तो २०१६ मध्ये आटल्यामुळेच लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते.

आर्थिक स्थिती : ज्वारी, बाजरी, कापूस, सोयाबीन व ऊस ही पिके, बालाघाटाच्या सीताफळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोठे कारखाने थोडे असून दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेतलेली लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात.

दळणवळण : धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. २११, आता ५२) गेवराई व बीडवरून जातो. प्रवासास आश्विन व कार्तिक हे महिने उत्तम. तेव्हा धबधब्यांस पाणी असते व हमरस्त्याच्या कडेने सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. मात्र त्याच दिवसांत ऊसतोड कामगारांच्या गाड्यांनी रस्ते भरून जातात, हे ध्यानी ठेवून वेळ हाताशी राखावा. दीर्घकाळ जिल्ह्यात लोहमार्गाचे मुख्य स्थानक म्हणजे परळीच होते. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किमी.च्या मार्गावर २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत व १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत गाडी आली. बीड ते परळी हा टप्पा त्या वेळी व्हावयाचा होता, म्हणून वर सुचविलेली वाट मोटारीनेच करावी लागते.