यंत्र उघडून पाहणाऱ्यांसाठी
(प्रस्तावना)

तंजावरच्या राजवाड्यात विजेचे यंत्र आणि हवेचा पंप आला तेव्हा तिथल्या दफ्तरात मराठी चालत होती, तीही मोडी वळणाची. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) पाश्चात्त्य उपकरणे मागवली, धन्वंतरी महालात औषधांवर काम करवून घेतले आणि डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे चित्रांसह ठेवली. ती टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. उपकरणे जमवणारे संस्थानिक पुष्कळ झाले. एकेका रोग्याची नोंद ठेवणारे थोडे. मला सरफोजीराजांचे मोठेपण त्या नोंदींत दिसते, आणि या पुस्तकाची ओळखही तिथूनच करून द्यावीशी वाटते.

आज तंजावरच्या वेशीबाहेर, 1984 साली सुरू झालेल्या शास्त्र विद्यापीठात, जैवतंत्रज्ञान शिकवले जाते. तिथल्या काय, कोल्हापूर-नांदेडच्या काय, विद्यार्थ्यांची अडचण एकच असते. विभागात डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर यंत्र एक, रांग मोठी, आणि यंत्राला हात लावायचा तो फक्त बटण दाबण्यापुरता. आत काय चालते हे कळायचे तर स्वस्तातले, उघडता येणारे यंत्र हवे. या पुस्तकाचा विषय तोच: कमी खर्चात डीएनएच्या प्रती काढणारी यंत्रे, आणि ती खरी की खोटी हे तपासायची रीत.

मूळ कल्पना कॅरी मुलिस यांची, 1983 सालची. त्यासाठी त्यांना 1993 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. डीएनएचे दोन धागे 95 अंशांजवळ सुटे करायचे, 50 ते 65 अंशांत प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, चिकटू द्यायचे, 72 अंशांना एन्झाइमकडून नवा धागा विणून घ्यायचा, आणि हे 30 वेळा. सुरुवातीला प्रत्येक फेरीत एन्झाइम उष्णतेने मरत असे आणि नव्याने घालावे लागे. थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना यलोस्टोनच्या उन्हाळ्यात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, सापडलेल्या जिवाणूचे एन्झाइम वापरात आले तेव्हा ती कटकट संपली. मग यंत्राकडे उरले एकच काम: तापवणे आणि निववणे, वेळेवर. एवढ्या साध्या कामाचे लाखो रुपये का, हा प्रश्न कुणाही चौकस विद्यार्थ्याला पडावा असाच आहे.

उत्तरे निरनिराळी निघाली. मुलिस यांच्या पद्धतीची अमेरिकेतली मूळ पेटंटे 2005 मध्ये संपली, आणि काही वर्षांतच टिटो जानकोव्स्की व जॉश परफेटो यांनी ‘ओपनपीसीआर’ची सगळी रेखाटने खुली केली. आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर चालणारे हे यंत्र जोडायच्या सुट्या संचाच्या रूपात पाचशे-सहाशे डॉलरांच्या घरात मिळू लागले. दुसरी वाट माधवी कृष्णन, व्हिक्टर उगाझ आणि मार्क बर्न्स यांनी 2002 मध्ये दाखवली. पातेल्यातले पाणी तळाशी तापून वर येते आणि वर निवून खाली जाते, तसे मिश्रणच गरम-थंड भागांतून फिरू द्यायचे. तापमान बदलत बसायचे कारणच नाही. जपानमध्ये 2000 साली आलेल्या ‘लॅम्प’ पद्धतीने तर फेऱ्याच काढून टाकल्या: सुमारे 65 अंशांवर स्थिर ठेवले की झाले. आपल्या शेजारी गोव्यात मोलबायो कंपनीने बॅटरीवर चालणारे, वाळवलेली रसायने वापरणारे ‘ट्रूनॅट’ केले. क्षयरोगाच्या निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये ते मान्य केले.

आता खरी गोष्ट. स्वस्त यंत्र बनवणे अवघड राहिलेले नाही. ते विश्वासार्ह आहे हे दाखवणे अवघड आहे, आणि शिक्षण तिथेच होते. थोडे गणित करा. प्रत्येक फेरीत प्रती अगदी दुप्पट झाल्या तर 30 फेऱ्यांनंतर एका रेणूचे सुमारे 107 कोटी होतात. कार्यक्षमता 90 टक्क्यांवर आली, म्हणजे प्रत्येक फेरीत 1.9 पट, की तोच आकडा 23 कोटींवर उतरतो. पडद्यावर 95 अंश दिसताहेत म्हणून नळीतल्या द्रवाला 95 अंश मिळाले असे नसते. नळ्या बसवायच्या धातूच्या ब्लॉकमधला सेन्सर त्या धातूचे तापमान सांगतो, द्रव मागे रेंगाळतो. कडेच्या खाचा मधल्या खाचांपेक्षा थंड राहतात. झाकण तापत नसेल तर वाफ वर जमते आणि मिश्रण आटते. वर खनिज तेलाचा थर दिला तर यातून सुटका होते.

खोलीचे हवामानही हिशोबात धरा. नुसत्या पंख्याने निवणारे यंत्र 22 अंशांच्या वातानुकूलित खोलीत 95 वरून 55 वर यायला जेवढा वेळ घेते, त्याच्या दीडपट तंजावरच्या वैशाखात, 38 अंशांच्या खोलीत, घेईल. परदेशी वेबसाइटवरचा दीड तासाचा कार्यक्रम इथे तितक्यात संपत नाही, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो. असे आकडे कुणी पुस्तकातून उचलून देऊ शकत नाही. ते आपल्या खोलीत मोजावे लागतात. पाण्याने भरलेल्या नळीत बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) घालून प्रत्येक खाच मोजणे हा दुपारभराचा उद्योग आहे. कंटाळवाणा, पण याच्याइतके फळ देणारे काम या क्षेत्रात दुसरे नाही.

एक इशारा. प्रती तपासायच्या जेलवर डीएनएचा पट्टा (बँड) दिसला म्हणजे यंत्र चालले, असे म्हणण्याची घाई सगळ्यांनाच होते. ज्या नळीत डीएनए घातलेलाच नाही तिच्यातही बँड आला तर ते यश नव्हे, भेसळ आहे, आणि प्रती काढून झालेली नळी मिश्रण तयार करायच्या टेबलावर उघडली की अशी भेसळ हमखास होते. निम्म्या तक्रारी यंत्राच्या नसून पिपेट धरणाऱ्या हाताच्या असतात, हे यंत्र फेकून देण्याआधी तपासावे. उलट बाजूही सांगायला हवी: यंत्र स्वस्त झाले तरी एन्झाइम आणि प्रायमर यांचा खर्च उरतोच, आणि फ्रीजरची वीज गेली की महिन्याची खरेदी वाया जाते. नुसत्या यंत्राच्या किमतीवर टाळ्या घेणाऱ्यांकडे म्हणूनच मी जरा संशयाने पाहतो.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. हातात यंत्र असेल तर मोजमापाचे प्रकरण आधी काढा, इतिहास सवडीने वाचा. फक्त एवढे करा: महागड्या आणि स्वस्त यंत्रांवर तेच मिश्रण, त्याच दिवशी, डीएनए नसलेल्या नळीसह चालवा, आणि आलेले आकडे, विशेषतः फसलेल्या दिवसांचे, मराठीत लिहून इतर महाविद्यालयांना पाठवा.