चिखल्या, मेंदी आणि मुळातून चढणारं औषध

लावणी उरकली की तक्रारी दोनच, कंबर आणि चिखल्या. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, आग होते. तिथली बुरशी हटली नाही तर पुढं नखात शिरते. मग नख पिवळं, जाड, भुसभुशीत होतं.

दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत पायाच्या 'अलस' नावाच्या विकाराचं कारण दिलंय घाण चिखलाचा स्पर्श. बोटांत ओल, खाज, आग, म्हणजे लावणीवाल्याचाच पाय बघून लिहिल्यासारखं! उपाय, आंबलेल्या कांजीनं पाय धुऊन कडुलिंब वगैरेंचा लेप. खराब नखाला तिथं 'कुनख' म्हटलंय आणि कारण सांगितलंय मार लागणं. तेही खोटं नाही, कारण सगळी वेडीवाकडी नखं बुरशीची नसतात.

भातपट्ट्यातल्या बाया रात्री पाय धुऊन, कोरडे करून मेंदीचा वाटलेला पाला बेचक्यांत भरतात. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य कातडीला आणि नखाला घट्ट धरतं आणि प्रयोगशाळेत बुरशीची वाढही रोखतं. चिखल्यांना त्यानं आराम पडतो. पण नखाची बुरशी असते खालच्या अंगाला आणि लेप बसतो वर. कडुलिंबाच्या तेलाचंही तेच. आपल्या भाषेत दोन्ही स्पर्शजन्य. (काहीजण बिब्बा लावतात. तो उतला की नख राहिलं बाजूला, पाय सुजतो. करू नका.)

नखाला आंतरप्रवाही औषध मिळालं ते शेतीच्याच वाटेनं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. १९३९ मध्ये लंडनला रेस्ट्रिक आणि सहकाऱ्यांनी एका पेनिसिलियम बुरशीतून ग्रिसिओफल्विन वेगळं केलं. उपयोग कुणाला सुचला नाही, बाटली कपाटात! इकडं इंग्लंडातल्याच वेअरहॅम हीथच्या माळावर पाइनची रोपं नीट वाढत नव्हती. त्या मातीचा अभ्यास करताना ब्रायन यांच्या गटाला १९४६ मध्ये असा पदार्थ सापडला, की ज्यानं कांद्यावरच्या बोट्रायटिस बुरशीचे तंतू पिळवटून जात. वर्षभरात कळलं, हे तर तेच ग्रिसिओफल्विन. १९५१ मध्ये त्यांनीच दाखवलं की लेट्यूस आणि टोमॅटोची मुळं ते शोषून पानापर्यंत नेतात आणि पान बोट्रायटिस, अल्टरनेरियापासून वाचतं.

माणसाची पाळी आली १९५८ ला. ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गजकर्ण झालेल्या गिनिपिगांना ते तोंडावाटे दिलं आणि ते बरे झाले. नखातही तत्त्व टोमॅटोचंच. औषध रक्तातून नखाच्या मुळाशी जातं आणि नवं नख संरक्षण घेऊनच बाहेर येतं. जुनं रोगट नख दुरुस्त होत नाही, ते पुढं सरकून कापलं जातं, करप्याच्या जुन्या पानासारखं.

आता ग्रिसिओफल्विन मागं पडून टर्बिनाफिन आलंय. त्या गोळ्या यकृतावर ताण देऊ शकतात, म्हणून नखाचा कीस तपासून डॉक्टरांनी दिल्या तरच घ्यायच्या. साखरेचा आजार असलेल्यांनी पायाचं दुखणं मेंदीवर ढकलत बसू नये, जखम चिघळली तर बोट जातं.

आणि वेळ किती लागतो ते मेंदीच सांगते. अंगठ्याच्या नखावर मुळाशी एकदा रंग चढवा आणि बघत राहा. तो टोकापर्यंत जायला वर्ष-दीड वर्ष घेतो.